शुभवर्तमानातले ‘वर्तमान’

गेल्या महिन्यात एका रविवारी संडेस्कूलमधून परत आल्यावर माझ्या भाच्याने मला विचारले, “मामा, वर्तमान म्हणजे आत्ता चालू असलेला काळ ना? मग मत्तयकृत शुभवर्तमान म्हणजे मत्तयाने केलेला चांगला वर्तमानकाळ का?” घरातली सगळी माणसे हसली. मला मात्र मोकळेपणाने हसता आले नाही, कारण नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात जन्माला येऊन आणि पन्नास वर्षे हा शब्द ऐकूनही मी त्याची अशी फोड कधी करून पाहिली नव्हती.

भाच्याचा दोष नाही. जुन्या मराठीत ‘वर्तमान’ म्हणजे बातमी. पेशवाईतल्या पत्रांमध्ये ‘इकडील वर्तमान’ कळवलेले असते, ते इकडे काय घडले याची हकीकत म्हणून. तो अर्थ आता ‘वर्तमानपत्र’ या एका शब्दात तगून आहे, आणि वर्तमानपत्रालाही मुले पेपर म्हणतात. तेव्हा शुभवर्तमान म्हणजे आनंदाची बातमी, हे आजच्या मुलाला सांगावे लागते.

त्याला उत्तर देण्यासाठी मी आमच्या घरातले पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडले, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या दुसऱ्या भागातील, म्हणजे नव्या करारातील, पहिल्या चार पुस्तकांच्या (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या) शीर्षकांत ‘शुभवर्तमान’ आहे, पण आतल्या मजकुरात येशू बोलतो किंवा प्रेषित पौल आपल्या पत्रांत लिहितो तेथे ‘सुवार्ता’ हा शब्द आहे. मुळात ग्रीक शब्द एकच आहे, ‘युआंगेलिओन’. भाषांतरकारांनी दोन शब्द ठेवल्यामुळे मराठी वाचकाच्या मनात नकळत दोन खाती पडली आहेत: शुभवर्तमान म्हणजे पुस्तक आणि सुवार्ता म्हणजे संदेश. ही विभागणी सोयीची आहे, पण नव्या करारात ती नाही. तेथे या शब्दाचा अर्थ पुस्तक असा कोठेच होत नाही.

ग्रीक शब्दात ‘यु’ म्हणजे चांगले आणि ‘आंगेलोस’ म्हणजे निरोप्या, दूत. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ बातमी असाही नाही, चांगली बातमी आणणाऱ्याला द्यायचे बक्षीस, असा आहे. वेषांतर करून घरी परतलेला राजा ओडिसियस आपल्याच डुकरे राखणाऱ्या सेवकाला सांगतो, की तुझा धनी परत येईल आणि तो आला म्हणजे या बातमीचे बक्षीस मला द्या. आपल्याकडे ‘तुझ्या तोंडात साखर पडो’ म्हणतात, तीच ही साखर. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातही हा अर्थ एके ठिकाणी दिसतो, पण तेथे तो अंगावर काटा आणतो. शौल राजा मेल्याची बातमी आपण आनंदाची म्हणून आणत आहोत, असे समजून एक माणूस त्याच्या जागी राजा होणाऱ्या दावीदाकडे आला, आणि दावीदाने त्याला ठार करवले. पुढे हे सांगताना दावीद म्हणतो, की त्याच्या बातमीचे बक्षीस म्हणून मी त्याला हेच दिले. बातमी कोणाला आनंदाची वाटेल, हे निरोप्याच्या हाती नसते.

पहिल्या शतकापर्यंत शब्दाला राजदरबाराचा वास लागला होता. आजच्या तुर्कस्तानातील प्रिएने या प्राचीन नगरात इसवी सनपूर्व ९ मधील एक शिलालेख सापडला आहे. रोमच्या आशिया प्रांताने आपले नववर्ष सम्राट ऑगस्टसच्या जन्मदिवसापासून, म्हणजे २३ सप्टेंबरपासून, सुरू करण्याचे ठरवले, त्याचा तो ठराव आहे. त्यात म्हटले आहे, की या देवाचा जन्मदिवस जगासाठी त्याच्यामुळे आलेल्या शुभवार्तांचा प्रारंभ ठरला. सुमारे ऐंशी वर्षांनी मार्क आपले लेखन ‘येशू ख्रिस्ताच्या सुवार्तेचा प्रारंभ’ असे सुरू करतो. मार्कने तो शिलालेख पाहिला असेल, असे कोणी म्हणत नाही. पण ही दरबारी भाषा त्याच्या वाचकांच्या कानावरून गेलेली होती, आणि सम्राटासाठी वापरायचा शब्द रोमी अधिकाऱ्याने क्रूसावर चढवलेल्या एका सुताराला लावणे हे धाडस होते. माझ्या मते या अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द ‘द्वाही’, म्हणजे राजाच्या सत्तेची जाहीर घोषणा, हा आहे. नव्या राजाची द्वाही फिरली, की ऐकणाऱ्याच्या संमतीचा प्रश्नच उरत नसे. राज्य कोणाचे आले आहे ते त्याला कळे, आणि त्यापुढे कसे वागायचे ते त्याला ठरवावे लागे. अर्थात, ‘मत्तयाची द्वाही’ असे पुस्तकाचे नाव कोणी ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

दरबारापेक्षा जवळचे मूळ मात्र इब्री शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५२व्या अध्यायात बाबेलच्या (बाबिलोनच्या) बंदिवासामुळे उजाड झालेल्या सीयोनेकडे, म्हणजे यरुशलेमेकडे, डोंगरांवरून एक दूत धावत येताना दिसतो, आणि कवी त्याचे पाय सुंदर म्हणतो. खडकांवरून धावत आलेले, धुळीने माखलेले पाय सुंदर का, तर ‘तुझा देव राज्य करीत आहे’ एवढा निरोप घेऊन ते आले आहेत. याच ग्रंथाच्या ६१व्या अध्यायातील ओळी येशूने नासरेथच्या सभास्थानात वाचल्या, असे लूक सांगतो: दीनांना सुवार्ता, धरून नेलेल्यांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी. पुस्तक गुंडाळून सेवकाला परत देत तो म्हणाला, की हा शास्त्रलेख आज तुमच्या ऐकण्यात पूर्ण झाला आहे. त्या ‘आज’ने भाच्याच्या फोडीत थोडे तथ्य आणले, हे मी त्याला कबूल केले.

येशूची स्वतःची सुवार्ता मार्कने एका वचनात दिली आहे: काळ पूर्ण झाला आहे, देवाचे राज्य जवळ आले आहे, पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. येथे क्रम पाहण्याजोगा आहे. आधी काय घडले आहे ते सांगितले, मग काय करायचे ते. आपल्या व्यासपीठांवर हा क्रम नेहमी उलटा होतो. कसे वागावे यावर पाऊण तास बोलून झाल्यावर पाळकसाहेब ‘हीच ती सुवार्ता’ म्हणून थांबतात, आणि श्रोत्यांना वाटते की सुवार्ता म्हणजे उपदेशाचाच एक गोड प्रकार. उपदेश कितीही उत्तम असला तरी तो वार्ता होत नाही. वार्तेसाठी काहीतरी घडलेले असावे लागते.

काय घडले, हे पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात सांगितले आहे, आणि आपल्याला मिळाले तेच तुम्हांला सांगून दिले, असेही बजावले आहे. ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, तो पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि त्याने दर्शन दिले. सर्व क्रियापदे भूतकाळी आहेत. हे पत्र इसवी सन ५५च्या आसपासचे, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते चारही शुभवर्तमानांच्या आधीचे. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तर पौल संतापून म्हणतो, की आम्ही किंवा स्वर्गातून आलेल्या दूताने जरी निराळी सुवार्ता सांगितली, तरी तो शापित असो. निरोप्याने निरोपात भर घालायची नसते, हा त्या रागाचा अर्थ आहे. येशूने राज्याची घोषणा केली आणि पौलाने येशूची, म्हणून दोघांची सुवार्ता वेगळी, असा एक जुना वाद आहे; मला तो फारसा पटत नाही. द्वाहीत राज्याचे आणि राजाचे नाव एकत्रच येते.

मग हा शब्द पुस्तकाचे नाव केव्हा झाला? दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो, की प्रेषितांच्या आठवणींना ‘युआंगेलिया’ म्हणतात. बातमी एकवचनी होती, ती येथे अनेकवचनी झाली. तरीही चार पुस्तकांना ज्यांनी शीर्षके दिली त्यांनी सावधपणा राखला होता. ग्रीक शीर्षक ‘मत्तयाचे’ असे नाही, ‘मत्तयाप्रमाणे’ असे आहे: सुवार्ता एकच, सांगणारे चार. मराठीत आपण ‘मत्तयकृत’ म्हटले आणि गडबड केली. तुलसीकृत रामायण म्हटले की रचना तुलसीदासांची, हे उघड आहे. पण मत्तयाने सुवार्ता ‘केली’ नाही, ती त्याच्याकडून आपल्यापर्यंत आली. भाच्याच्या प्रश्नात खरी अडचण ‘वर्तमान’पेक्षा ‘कृत’मध्ये होती, हे मला बरेच उशिरा उमगले.

एक गंमत अशी, की लूकने आपल्या शुभवर्तमानात हे नाम एकदाही वापरलेले नाही, फक्त ‘सुवार्ता सांगणे’ हे क्रियापद वापरले आहे, आणि योहानाच्या पुस्तकात तर दोन्ही नाहीत. गोव्यातले कोकणी ख्रिस्ती ज्याला ‘वांजेल’ म्हणतात तो शब्द पोर्तुगिजांमार्फत, आणि मुसलमान ज्याला ‘इंजील’ म्हणतात तो अरबीतून, त्याच ग्रीक शब्दापासून आला आहे. इस्लामच्या समजुतीप्रमाणे इंजील हा ईसाला, म्हणजे येशूला, दिला गेलेला ग्रंथ. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे येशूला कोणताही ग्रंथ मिळाला नाही, तोच बातमीचा विषय आहे. शब्द एक असूनही येथे दोन वाटा फुटतात.

भाच्याला शेवटी मी मार्कचा १६वा अध्याय वाचायला दिला. सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत तो आठव्या वचनापाशी संपतो: कबर रिकामी पाहून स्त्रिया थरथरत पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्यांना भीती वाटत होती. बातमी त्यांच्या हातात असते, आणि ती न सांगताच पुस्तक थांबते. पहिल्या ओळीतला ‘प्रारंभ’ हा शब्द मार्कने केवळ पहिल्या प्रसंगापुरता लिहिला नसून सगळ्या सोळा अध्यायांना लावला असावा, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे.