छाटणीपासून त्रेचाळिसावा दिवस

दुकानांच्या हिशोबाचे तक्ते-आलेख बनवायच्या आमच्या धंद्यात दुकानदाराने रिपोर्ट मागितला की तो थकबाकीचाच असतो. बिलाला किती दिवस झाले त्याचे ०-३०, ३१-६०, ६१-९० आणि नव्वदच्या वर, असे चार खण. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर तो बसल्या जागी देतं. मी तो पॉवर बीआय या आलेखांच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवून देते आणि लोक खूश होतात. तासगाव तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात मात्र हा तक्ता पडद्यावर आला तो सगळा लालच, म्हणजे नव्वदच्या वरचा.

लाल येणारच होता. द्राक्षबागाईतदार सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी घेतो, औषधं उधारीवर उचलतो आणि माल गेला की पैसे देतो. म्हणजे फेब्रुवारी-मार्च. बेदाणा केला तर माल कोल्ड स्टोरेजला, आणि सौद्यात दर बघत बघत पार दिवाळीपर्यंत. नव्वद दिवसांत उधारी फेडणारा बागाईतदार इथे अजून जन्मायचाय. मालकांचा मुलगा पुण्याहून एमबीए करून आलेला. तो लाल रंग बघून खूश झाला. उधारी बंद करायला त्याला एकदाचं कारण मिळालं होतं. शेजारी बसलेले दिवाणजी काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसत बसले.

मग मीच म्हटलं, बिलाच्या तारखेपासून नको, छाटणीपासून दिवस मोजू. या भागात बागेबद्दल बोलताना कॅलेंडरची तारीख कोणी काढतच नाही. ‘बाग किती दिवसांची?’ ‘बेचाळीस.’ फवारणीचं वेळापत्रकही त्याच हिशोबाने चालतं. आडव्या अक्षावर छाटणीपासूनचे दिवस, प्रत्येक शेतकऱ्याची एक ओळ, आणि प्रत्येक खरेदीचा एक ठिपका. बुरशीनाशकं निळी, संजीवकं आणि विद्राव्य खतं हिरवी, मोरचूद-चुना-गंधक करडे.

बोलायला सोपं. टॅलीत छाटणीची तारीख कुठून येणार? पण ती होती. दिवाणजी गेली कित्येक वर्षं हंगामाच्या पहिल्या बिलाच्या नॅरेशनमध्ये, म्हणजे शेऱ्याच्या जागी, ‘सोनाका छा १२/१०’ असं लिहीत आले होते: सोनाका ही द्राक्षाची जात, छा म्हणजे छाटणी, १२ ऑक्टोबर. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी वाचतही नव्हतं. मला खजिनाच सापडला. अर्थात खजिन्यात साप असतोच. दुकानातल्या कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन, त्यामुळे १२/१० ची झाली १० डिसेंबर. २५/१० ला निदान एरर तरी येत होता. एरर देणारी तारीख परवडते, गुपचूप चुकणारी नाही. खात्यांचा गोंधळ वेगळाच. शेतकऱ्याला जीएसटी क्रमांक नसतो, म्हणून मी मोबाईलवरून खाती जुळवायला गेले, तर काउंटरवरच्या पोराने शे-दीडशे खात्यांना दुकानाचाच नंबर ठोकलेला. खातं आजोबांच्या नावावर, बाग नातवाची, पैसे देणार चुलता. ही भावकी दिवाणजींनी मला तोंडी सोडवून दिली, एक कागद न बघता. शिवाय टॅलीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, बागेचं संपत नाही. दरवर्षी नवीन कंपनी उघडायच्या सवयीमुळे प्रत्येक हंगाम मधोमध चिरलेला होता, तो शिवून घ्यावा लागला.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण हिच्यावर मी फार वेळ घालवला. पॉवर बीआयचा स्कॅटर चार्ट, म्हणजे ठिपक्यांचा आलेख, मुळात ३,५०० ठिपक्यांवर सेट असतो. त्याहून जास्त आले की तो नमुना निवडून काही गाळतो, आणि चित्र तरीही भरलेलंच दिसतं. इतर ठिकाणी चालतं. इथे मला ठिपक्यांपेक्षा मोकळी जागा वाचायची होती. गाळलेला ठिपका म्हणजे खोटी मोकळी जागा. मर्यादा १०,००० पर्यंतच वाढते, म्हणून ती वाढवली आणि गावाचा फिल्टर सक्तीचा केला.

जुन्या हंगामांवर चालवून बघितलं. पंधराव्या दिवसापासून निळे-हिरवे ठिपके दाटत जायचे, आणि शंभर-एकशेदहाच्या पुढे फळात औषधाचे अवशेष राहण्याच्या भीतीने विरळ व्हायचे. २०१९ चा हंगाम लावला तर मधला पट्टा फाटक्या गोधडीसारखा. ऑक्टोबर-नोव्हेंबरातला तो अवकाळी पाऊस बिलांमध्ये उमटला होता. खरं सांगायचं तर मला स्वतःचा अभिमान वाटला.

चालू हंगामाचा आलेख दाखवायला गेले ती डिसेंबरातली एक दुपार. मालक, मुलगा, दिवाणजी आणि मी. नोव्हेंबरात पाऊस होऊन गेला होता. एका गावचा फिल्टर लावला, आणि दिवाणजींनी पडद्यावर बोट टेकवलं. एक ओळ त्रेचाळिसाव्या दिवसापर्यंत गच्च भरलेली, पुढे निळं नाही, हिरवं नाही. फक्त दोन करडे ठिपके.

‘दुसऱ्या दुकानात गेला असेल,’ मुलगा म्हणाला.

‘न्हाई. दुसरीकडं गेला असता तर मोरचूद बी तिकडनंच नेला असता. ह्याचे घड गेलेत. आता नुसती वेल राखायचं चाललंय.’

मी ते करडे ठिपके केवळ स्वस्त माल वेगळा दिसावा म्हणून काढले होते. त्यांचा अर्थ त्या क्षणी मला कळला. मुलालाही कळला. त्याने लगेच विचारलं, अशा अजून किती ओळी आहेत? निघाल्या. त्यातल्या काही जणांनी दुकानात येऊन सांगितलं होतं, पण या माणसाने कोणालाच नाही. बाग गेल्याचं आपण होऊन कोण सांगतो? सांगितलं की चारी दुकानांतली उधारी एकाच दिवशी बंद. मालक म्हणाले, ‘बघा काय ते,’ आणि खाली गल्ल्यावर गेले. त्यांचं हे ‘बघा काय ते’ मी आधीही ऐकलंय. नको असलेला निर्णय दुसऱ्याने घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी वसुलीचा माणूस त्याच्या घरी, इतर दुकानदारांच्या आधी. पुढच्या तारखेचा चेक घेऊनच उठला. बाकीची हकिकत मला दिवाणजींनी फोनवर सांगितली. त्या माणसाने एकच विचारलं म्हणे, तुम्हाला कोणी सांगितलं? वसुलीवाला हसला फक्त. आता त्याची खात्री आहे की बांधाशेजारच्या चुलतभावाने चुगली केली. दोघांची विहीर सामाईक आहे, आणि पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद झालंय.

दुकानदाराचे पैसे अडकलेत, त्याने ते मागायचे नाहीत का? मागावेतच. मी काही संत नाही, माझंही बिल होतं आणि ते वेळेवर आलं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही उघडून बघितला. बिलासाठी दिलेला मोबाईल नंबर समजू शकते. काउंटरवर चहा पिता पिता दिवाणजींना सांगितलेली छाटणीची तारीख त्यात कुठे बसवायची, हे मला काही उमगलं नाही. ‘मला कॉम्प्युटरनं सांगितलं’ एवढं तो वसुलीवाला म्हणाला असता तरी एक घर तुटलं नसतं, हे मात्र राहून राहून वाटतं.

मुलाला पुढे अलर्ट हवा होता. तीस ते साठ दिवसांत निळा ठिपका थांबला की सेल्समनच्या फोनवर मेसेज. मी ‘बघते’ म्हटलं. नंतर नवा हंगाम सुरू झाला, आणि परवा त्याचा फोन आला. ‘ताई, आलेख रिकामा येतोय. छाटणीच्या तारखाच उचलत नाहीये. तुमच्या क्वेरीत काहीतरी बिघडलंय.’

मी डेटा मागवून बघितला. क्वेरी व्यवस्थित आहे. या वर्षीच्या नॅरेशनमध्ये दिवाणजींनी नुसतं ‘सोनाका’ लिहिलंय. त्याला म्हटलंय, बघून सांगते.