जागा मिळते हो, पाय कुठे धुवायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या सहलीच्या ग्रुपमधलं कुणी ना कुणी दरवेळी विचारतंच, ‘परदेशात नमाज कुठे पढता हो?’ जागेचं फारसं अडत नाही. अडतं ते पाण्यापाशी.

जागा काय, मुसल्ल्याएवढी, म्हणजे नमाजाच्या चटईएवढी लागते. ओसाकाच्या कानसाई विमानतळावर नमाजाची खोली आहे. शहरात मात्र मी मॉलच्या जिन्याच्या वळणावर पढलोय. जपानी माणसं लिफ्टने जातात, जिना रिकामा. त्यातून आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या शाफई परंपरेतले. प्रवासात दुपारच्या जोहर-असर एकत्र, संध्याकाळ-रात्रीच्या मगरिब-इशा एकत्र पढायची मुभा आम्हाला आहे, आणि चार रकातींच्या, म्हणजे नमाजातल्या आवर्तनांच्या, दोन होतात. म्हणजे दिवसभरात तीनदाच जागा शोधायची, आणि त्यातली पहाटेची फजर तर हॉटेलच्या खोलीतच होते.

किबल्याचंही, म्हणजे नमाजात तोंड करायच्या मक्केच्या दिशेचंही, जपानात सोपं गेलं. रत्नागिरीत लहानपणापासून ठाऊक, किबला म्हणजे समुद्राची बाजू. ओसाकातही तो पश्चिमेकडेच, जरा उत्तरेला कललेला. लंडनला गेलो होतो तेव्हा तो आग्नेयेला, आणि दोन दिवस माझे पाय आपोआप उलटीकडे वळत होते.

पण वजू, म्हणजे नमाजाआधी तोंड, हात, पाय धुणं! तोंड, हात धुताना कुणी बघत नाही. पाय धुवायची वेळ आली की पंचाईत. ओसाकातल्या एका दुकानाच्या स्वच्छतागृहात मी बगळ्यासारखा एका पायावर उभा, दुसरा बेसिनमध्ये, आणि एक आजोबा दात घासायला आत आले. त्यांनी ब्रश खिशात ठेवला, मान लववली आणि गेले. मी टिश्यूने बेसिन पुसलं, फरशी पुसली, नळसुद्धा पुसला. पाणी समोर वाहत असताना तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीने शुद्ध होणं, चालत नाही. लाज हे काही त्याला कारण होत नाही.

यावर उपाय आहे, तो मला उशिरा सुचला: चामड्याचे मोजे. सकाळी खोलीत नीट वजू करून चढवायचे, मग पुढच्या वजूला पाय न धुता वरून ओला हात फिरवायचा. मुसाफिराला तीन दिवस, तीन रात्री चालतं. साधे सुती मोजे आमच्यात चालत नाहीत.

शेवटच्या दिवशी ओसाकाजवळच्या कोबे शहरात गेलो. तिथली मशीद जपानातली पहिली, 1935 ची. कोबेतल्या भारतीय आणि रशियाकडून आलेल्या तातार व्यापाऱ्यांनी पैसा उभा केला होता. 1945 च्या बॉम्बफेकीतून ती वाचली, 1995 च्या भूकंपातूनही. लोक घुमट बघत होते, फोटो काढत होते. मी आधी वजूखाना विचारला. नळापुढे ऐसपैस बसलो, मोजे काढले, दोन्ही पाय पाण्याखाली धरले. तीनदा धुतले की पुरे असतं. मी नळ लगेच बंद केला नाही. घरी असतो तर आजी ओरडली असती.