सगळे पंखे बाहेरच फुंकत होते

मे महिन्यात अकोल्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, तर पिशवीत पेचकसासोबत थर्मामीटरही ठेवावा लागतो. मशीन किती तापलं हे सॉफ्टवेअर सांगतं, पण खोली किती तापली आहे हे सांगत नाही, आणि अर्धं उत्तर तिथेच असतं. 2024 च्या मेमध्ये तर इथे पारा 45 च्या पुढे गेला आणि उष्णतेपायी प्रशासनाने जिल्ह्यात 144 कलम लावलं. त्याच दिवसांत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका पोराचा फोन आला.

"भाऊ, एक्स्पोर्टले, म्हंजे व्हिडिओची शेवटची फाईल बनवाले, लावलं का मशीन बसूनच जाते. तासाभराच्या कामाले तीन-तीन तास लागून रायले. तिकडे पार्टी डोक्यावर बसली हाये."

आधी एका दुकानात दाखवून झालं होतं. तिथे त्याला सांगितलं होतं की प्रोसेसर कमी पडतोय, नवा घ्या. नाहीतर निदान लिक्विड कूलर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पाण्यासारख्या द्रवातून वाहून नेणारा, तरी टाका. दहा-बारा हजारांचा खर्च. सीझनचे पैसे अजून हातात आलेले नव्हते, म्हणून त्याने मला बोलावलं.

मशीन त्याने स्वतः जुळवलेलं. एकेक पार्ट कमाईतून घेतलेला, जोडणी नीट, मागच्या केबलसुद्धा वळण लावून बांधलेल्या. प्रोसेसर रायझन 7 5800एक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 3060, फाईली साठवायला वेगवान एनव्हीएमई एसएसडी, प्रोसेसरवर चांगला टॉवर कूलर, म्हणजे पातळ पत्र्यांचा उभा गठ्ठा आणि त्याला पंखा. या कामासाठी हे भरपूर आहे. प्रोसेसर कमी पडतोय हे म्हणणं मला ते मशीन पाहताक्षणीच पटलं नाही. कॅबिनेट मात्र आजकालच्या फॅशनचं: समोर काच, डाव्या बाजूला काच, आत सात रंगीत पंखे. तीन वरती, तीन मदरबोर्डच्या शेजारी उजव्या अंगाला, एक मागे. हे सगळं जमिनीवर, सतरंजीवर ठेवलेलं. उजवी बाजू कपाटाला चिकटलेली, पाठ भिंतीपासून चार बोटांवर.

तापमान पाहायला मी बाहेरचे स्ट्रेस टेस्ट, म्हणजे मशीनवर मुद्दाम ताण देणारे प्रोग्राम, चालवत नाही, निदान सुरुवातीला तरी. गिऱ्हाइकाचं मशीन ज्या कामात दमतं, तेच काम लावायचं. त्याचाच एक प्रोजेक्ट एक्स्पोर्टला लावला आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो, म्हणजे प्रत्येक भागाचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून ठेवलं. खोलीत 37 होतं. पंधरा-वीस मिनिटांत प्रोसेसर 90 वर जाऊन खिळला आणि वेग 4.1 गिगाहर्ट्झच्या आसपास घसरला. ग्राफिक्स कार्ड 84, आणि त्याच्या अगदी खाली दबलेली एसएसडी 78.

या आकड्यांत मशीन बिघडल्याचं काहीच नाही. 5800एक्सला एएमडीने 90 ची मर्यादा घातलेली आहे. तिथे पोचला की तो आपणहून वेग कमी करतो. 3060 सुद्धा 83 च्या आसपास हात आखडता घेतं. एसएसडीच्या माहितीपत्रकात तर बहुधा 70 पर्यंतच लिहिलेलं असतं, आणि फार तापली की तीही लिहिण्याचा वेग पाडते. तिघांनीही आपापला जीव वाचवायला काम मंद केलं होतं, म्हणून एक्स्पोर्ट रेंगाळत होता.

मग काही न सांगता मी डावीकडची काच काढून बाजूला ठेवली आणि एक्स्पोर्ट तसाच चालू दिला. दहा-पंधरा मिनिटांत प्रोसेसर 82, कार्ड 74. नवीन काही शिकणाऱ्या प्रत्येकाला मी ही चाचणी आधी करायला सांगतो, कारण तिला एक पैसा लागत नाही आणि ती वाद मिटवते. झाकण काढल्यावर तापमान एवढं उतरत असेल तर कूलर ठीक आहे, चिप आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट ठीक आहे. दोष डब्याचा आहे. कूलर काही थंडावा तयार करत नाही. तो चिपची उष्णता फक्त आजूबाजूच्या हवेला देतो. ती हवाच तापलेली असेल तर सर्वांत महागडा कूलरही तिच्याखाली जाऊ शकत नाही. लिक्विड कूलर बसवला असता तर त्याच्या रेडिएटरमधूनही, म्हणजे तो द्रव गार करणाऱ्या जाळीतूनही, तीच हवा फिरली असती.

काच परत लावली. खोलीतला कूलर आणि छताचा पंखा दोन्ही बंद करायला लावले, तेव्हा त्याची आई दारात येऊन उभी राहिली. "बापा, येवढ्या उन्हात कूलर बंद करून काय करता जी?"

"काकू, पाच मिनिटं. एक अगरबत्ती द्या देवघरातली."

वारा डोळ्यांना दिसत नाही, धूर दिसतो. अगरबत्ती मी वरच्या पंख्यांपाशी धरली: धूर छताकडे उडाला. मागे धरली: धूर भिंतीकडे. इथपर्यंत बरोबर. मग कपाट ओढून उजव्या अंगाच्या जाळीपाशी धरली. इथून हवा आत ओढली जायला हवी होती. धुराची रेघ जाळीच्या जवळ गेली आणि एकदम उलटी फिरून माझ्या तोंडावर आली. तिन्ही पंखे बाहेरच फुंकत होते. सातच्या सात पंखे बाहेर, आत घेणारा एकही नाही. मग हवा येत कुठून होती? अगरबत्ती मागच्या बाजूला ग्राफिक्स कार्डाखालच्या रिकाम्या पट्ट्यांपाशी नेली, आणि धूर त्या फटींतून सरळ आत गेला. मागच्या पंख्याने फेकलेली गरम हवा चार बोटांवरच्या भिंतीला आपटत होती आणि तिथूनच परत आत येत होती. खाली बुडाला जाळी होती, पण ती सतरंजीने जवळजवळ बंद केलेली.

पोरगं माझ्या शेजारी उकिडवं बसून पाहत होतं. "पण भाऊ, सात पंखे हायेत ना."

पंखे त्याने उलटे का लावले हे मला कळलं होतं आणि त्यात त्याचा अडाणीपणा अजिबात नाही. पंख्याच्या एका बाजूला नुसती पाती दिसतात. दुसऱ्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे आणि स्टिकर असतो. हवा दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. म्हणजे बाजूचे पंखे हवा आत घेणारे लावले, तर काचेतून दांडे, स्टिकर आणि वायर दिसतात. पाती आणि दिवे दिसावेत म्हणून त्याने ते फिरवले. अशी कॅबिनेटं माझ्याकडे बरीच येतात. म्हणूनच कंपन्यांनी आता उलट्या पात्यांचे पंखे काढले आहेत. ते सुंदर बाजू आत ठेवूनही हवा आत ओढतात. ते नसतील तर एक तर दिसणं घ्यावं, नाहीतर हवा.

मी त्याला वहीत हिशेब मांडून दाखवला. प्रोसेसर जास्तीत जास्त 142 वॅट खातो, कार्ड 170, बाकीचं धरून साडेतीनशे ते चारशे. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्या डब्यात पडते. ती बाहेर काढताना आतली हवा खोलीपेक्षा 10 अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला साधारण 35 लिटर ताजी हवा आत यावी लागते. ती निम्मीच आली तर आतली हवा 20 अंश वर. खोली 37, म्हणजे आत 57, आणि त्या हवेने 90 च्या आत राहायचं. पंख्यांची संख्या या हिशेबात कुठेच येत नाही; येतं ते फक्त आत किती शिरलं आणि बाहेर किती गेलं. सात पंखे एकाच दिशेला ओढत असतील तर फटीतून येईल तेवढीच हवा मिळते.

"मंग दिसन वेगळं," तो म्हणाला. थोडा वेळ काचेकडे पाहत बसला. "पण दिसून काय करता, डिलिव्हरी द्यायची हाये. फिरवा."

आधी साफसफाई. घर जिनिंगच्या बाजूला असल्याने कापसाच्या हंगामातली रुई अजून आत होती. प्रोसेसरच्या कूलरच्या पत्र्यांवर तिचा आणि धुळीचा मिळून नमदा झालेला. नखाने धरून ओढला तर अखंड पट्टा निघून आला. आत घेणाऱ्या जागेला गाळणी नसली आणि आत ओढ असली की प्रत्येक फटीतून असंच होतं. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, मोकळी फिरू देऊ नयेत. बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारी मोटर उलट वीज बोर्डाकडे पाठवू शकते.

मग बाजूचे तिन्ही पंखे फिरवले. वरच्या तिघांतला सर्वांत पुढचा काढला. तो काढण्याचं कारण पुष्कळांना पटत नाही. बाजूने आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच तो पंखा तिला वर खेचून बाहेर फेकतो. गरम हवा आपोआप वर जाते म्हणून वर पंखे हवेतच, असं लोक मानतात; पण डब्यात पंखे फिरत असताना तो जोर फार थोडा. हवा पंखा नेईल तिकडे जाते. काढलेला पंखा बुडाच्या जाळीवर, कार्डाच्या बरोबर खाली, आत फुंकणारा बसवला. आता चार आत, तीन बाहेर. आतला दाब जरासा जास्त राहिला की फटींतून धूळ आत येण्याऐवजी हवा बाहेर जाते, आणि येणारी सगळी हवा गाळणीतून येते.

ठेवायला जागा काय, तर काकूंनी माठाची जुनी लोखंडी घडवंची काढून दिली. बूड जमिनीपासून चांगलं वीतभर वर आलं. कपाटापासूनही वीतभर, भिंतीपासून हातभर अंतर. पेस्ट मी मुद्दाम बदलली नाही. एका वेळी सगळंच बदललं तर कशाने गुण आला हे कळत नाही.

तोच प्रोजेक्ट, खोलीत तेच 37. प्रोसेसर 83, वेग 4.4. कार्ड 74. एसएसडी 62, आणि मला सर्वांत जास्त समाधान या आकड्याचं वाटलं, कारण त्याचं शूटिंगचं सगळं फुटेज तिच्यावर होतं. काच लावलेली असताना हे आकडे आधीच्या काच काढलेल्या आकड्यांएवढे आले होते. एक नवीन पार्ट लागला नाही.

पण 37 माझ्या मनातून जात नव्हतं. खिडकीत डेझर्ट कूलर पूर्ण वेगाने चालू असताना एवढं का? लू आत येऊ नये म्हणून समोरची खिडकी आणि दार घट्ट लावलेलं होतं. कूलर पाणी उडवून हवा गार करतो. त्या दमट हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली ओलाव्याने भरते आणि ताट्यांतलं, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या भिजवलेल्या जाळ्यांतलं, पाणी उडणंच कमी होतं. इथे उलटी गत होती: कॅबिनेटमध्ये हवा शिरायला जागा नव्हती, खोलीत निघायला नव्हती. समोरची खिडकी चार बोटं उघडली. तासाभरात खोली 33 वर आली आणि मशीनमधला प्रत्येक आकडा तेवढाच, चार अंशांनी, खाली सरकला.

कूलरचं तोंड मात्र थेट मशीनकडे होतं, ते वळवायला लावलं. दमट हवेने लगेच काही होत नाही, कारण चालू मशीनचे भाग खोलीपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. खरी भीती ताट्यांवरून उडणाऱ्या बारीक थेंबांची. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. मागच्या स्क्रूंवर आणि यूएसबीच्या तोंडांवर पांढरी पुटं धरायला लागलीच होती. ती मी ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढली.

निघताना बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन त्याला प्रोसेसरची वीज कमी करणारा इको मोड कुठे आहे तेवढं दाखवून ठेवलं. 65 वॅटचा लावला तर हा प्रोसेसर 142 ऐवजी 88 वॅटवर थांबतो. वेग थोडा जातो, उष्णता पुष्कळ जाते. दुपारी बाराला एक्स्पोर्ट लावायची पाळी आली तर तो लाव, रात्री काढून टाक, आणि बुडाची गाळणी दर पंधरवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून मगच परत बसव, असं सांगितलं. एक्स्पोर्ट तेव्हा चालूच होता; उरलेला वेळ चाळीस मिनिटं दाखवत होता. त्याने तिथूनच पार्टीला फोन लावला आणि संध्याकाळी पेनड्राइव्ह न्यायला या म्हणाला.