'मेलेली' भाजी

इथे परदेशात माणसं एकमेकांना पगार विचारत नाहीत, वय विचारत नाहीत, लग्न का नाही केलंस हे तर स्वप्नातही विचारत नाहीत. मला हे फार आवडतं. पण डब्याला ही सवलत नाही. गेल्या महिन्यात ऑफिसात जेवताना शेजारच्या टेबलावरची सहकारी माझ्या डब्यात डोकावली आणि म्हणाली, "किती शिजवतेस ही कोबी? मेलीय ती. तुला थायरॉइड आहे ना? हार्मोन्ससाठी तरी कच्चं खात जा." तिच्या हातात हिरव्यागार पेयाची बाटली. ब्रोकोली, केल (कोबीच्याच जातीची पालेभाजी) आणि आणखी काहीबाही, सगळं 'कच्चं'.

मी हसले. घरी येईपर्यंत मात्र डोक्यात तेच. रात्री अकरापर्यंत वाचत बसले, आणि खरं सांगते, ज्ञानासाठी नाही, भांडणासाठी.

पहिलाच दाखला झकास मिळाला. २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात आलेली हकिगत: ८८ वर्षांच्या एक बाई कित्येक महिने रोज कच्चा बोक चॉय, म्हणजे कोबीच्याच कुळातली चिनी पालेभाजी, खात होत्या. थायरॉइड इतकं बसलं की त्यांना थेट अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. मी लगेच आईला फोन लावला. "बघ, आपणच बरोबर!" त्या बाई रोज एक ते दीड किलो खात होत्या, हे सांगायचं मात्र 'राहून गेलं'.

गंमत आहे ती यामागच्या रसायनात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, मोहरी हे सगळं एकच कुळ. यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं एका कप्प्यात आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं. चिरलं किंवा चावलं की दोघांची गाठ पडते आणि तो उग्र वास सुटतो. त्यातून बनणारे काही पदार्थ थायरॉइडला आयोडीन घेताना अडवतात. शिजवलं की विकर निकामी होतं आणि ही अडवणूक बरीच कमी होते. म्हणजे आईचा झाकण ठेवून शिजवायचा हट्ट बरोबर! (पुरेसं आयोडीन पोटात जात असेल तर वाटीभर कच्च्या कोबीने कुणाचं काही बिघडत नाही. हे कंसातच असू दे.)

पण पुढे पंचाईत झाली. इस्ट्रोजेनच्या, म्हणजे बायकांच्या मुख्य हार्मोनच्या, नावाने ज्यांचं कौतुक चालतं ते इंडोल-३-कार्बिनॉल आणि सल्फोराफेन हे पदार्थही त्याच विकराच्या कृपेने बनतात. त्याला मारलं की वाईटाबरोबर चांगलंही गेलं. या पदार्थांमुळे शरीरात इस्ट्रोजेनचं विघटन कोणत्या वाटेने होतं ते थोडं बदलतं. पण त्याने पाळीचा त्रास कमी होतो असं छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, त्यामुळे त्याच्या गोळ्या मागवू नका. तरी माझी 'मेलेली' कोबी मला जरा केविलवाणी वाटायला लागली.

यावर दोन उपाय सापडले. एक, भाजी चिरून तीसचाळीस मिनिटं तशीच ठेवायची आणि मग शिजवायची. विकराचं काम गॅस पेटायच्या आधीच उरकतं. दुसरा मला जास्त आवडला. ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठात १२ जणांना २०० ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली दिली, एकदा नुसती आणि एकदा वर ग्रॅमभर मोहरीपूड टाकून. पूड टाकल्यावर सल्फोराफेन चौपटीहून जास्त अंगी लागलं. मोहरी! मला इतका अभिमान वाटला, जणू ती मीच शोधली.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपण इतकी वर्षं फोडणीत टाकतोय ती?"

"ती वासाला, आई. तडतडली की विकर गेलंच. पूड कच्ची हवी, गॅस बंद केल्यावर."

दोन दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली.

पालकाच्या बाबतीत मात्र मी सपशेल चुकत होते. भरपूर पाण्यात उकळला तर जवळजवळ निम्मं फोलेट (एक 'ब' जीवनसत्त्व) त्या पाण्यात जातं. वाफवला तर फारसं जात नाही. आता वाफवते आणि गॅस बंद करून लिंबू पिळते. 'क' जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह नीट शोषलं जातं, आणि ते उष्णतेने नासतं म्हणून लिंबू शेवटी. तेलाबद्दल मात्र ऐकून घेणार नाही. गाजर, पालकातलं कॅरोटीन अंगी लागायला तेल-तूप लागतंच. इथली कोरडी पानं चघळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले, ही सगळी शस्त्रं घेऊनच. त्यांनी कच्चं की शिजलेलं हे विचारलंच नाही. विचारलं, "किती ग्रॅम?" तीन दिवस तोलून या म्हणाल्या. फळं-भाज्या मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम असाव्यात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या भरल्या १४०. वापरून झालेलं इस्ट्रोजेन यकृत पित्तावाटे आतड्यात टाकतं. चोथा पुरेसा नसेल तर त्यातलं बरंच परत रक्तात शोषलं जातं, एवढं त्यांनी समजावलं आणि विषय संपवला. वर थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेते म्हणून ओरडल्या. यावर जास्त लिहीत नाही.

मावसबहिणीला पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास. 'कोणती भाजी खाऊ?' हा तिचा मेसेज तिसऱ्यांदा आलाय. बाई गं, २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. जी तू रोज खाशील ती भाजी.

तर परवा पुन्हा जेवणाची वेळ, पुन्हा ती बाटली. मी सहज विचारलं, "फ्रीजरच्या पाकिटातली ब्रोकोली का?"

"हो. सकाळी चिरायला वेळ कुणाला असतो?"

गोठवण्याआधी भाजी गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, रंग-चव बिघडवणारी विकरं मरावीत म्हणून. त्यांच्याबरोबर आपलं हे विकरही जातं. म्हणजे तिचं कच्चं कच्चं नव्हतंच! हे मी तिला अतिशय प्रेमाने सांगितलं. ती गप्प झाली. मग मी पर्समधून मोहरीपुडीची डबी काढली आणि चिमूटभर तिच्या बाटलीत टाकली. तिने घोट घेतला आणि नाक धरलं.

"जिवंत आहे," मी म्हटलं.

माझी कोबी त्या दिवशी फोनच्या नादात जरा जास्तच शिजली होती. डब्याचं झाकण मी अर्धंच उघडलं.