कुटुंबासाठी डायव्हिंगची बोट ठरवताना

डायव्हिंगची बोट ठरवताना लोक सहसा प्रवाळ कुठे चांगले आहेत आणि मासे किती दिसतील, एवढेच विचारतात. आमच्याकडे तो प्रश्न सर्वांत शेवटी आला, कारण सहलीला निघालेल्या पाच जणांपैकी रीतसर प्रशिक्षण घेतलेले आम्ही दोघेच होतो, मी आणि माझे यजमान. मुलगी 13 वर्षांची आणि उत्साही, मुलगा 9 वर्षांचा आणि बहीण करील ते सारे करायला आसुसलेला, तर सासूबाईंना पोहता येत नाही आणि वर बोट लागते. अशा कुटुंबाला लागणारी बोट सराईत डायव्हरांच्या गटाला लागणाऱ्या बोटीपेक्षा वेगळी असते, हे धरूनच मी चौकशीला लागले.

पहिली चाळण मुलाच्या वयाने लागली. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या नियमांनुसार 8 वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना जलतरण तलावात किंवा तशाच बंदिस्त, शांत पाण्यात फार तर 2 मीटर खोलीपर्यंत सिलेंडर लावून पाहता येते. समुद्रातील पहिल्या, ओळखीपुरत्या डाइव्हसाठी मात्र किमान वय 10 आणि खोलीची मर्यादा 12 मीटर आहे. म्हणजे मुलीला संधी होती, मुलाला नव्हती. हे ठाऊक असूनही धाकट्याला समुद्रात पाण्याखाली नेता येईल का, असे मी प्रत्येक बोटवाल्याला मुद्दाम विचारले. बहुतेकांनी ‘काळजी करू नका, आम्ही बघून घेऊ’ असे छातीठोकपणे सांगितले आणि तिथेच ते यादीतून गळाले. एका बाईंनी मात्र स्पष्ट नकार दिला. तो उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग करील, त्याच्यासोबत वेगळा माणूस राहील आणि त्याच्या मापाचा मास्क मिळेल, असे सांगून त्यांनी उलट मलाच मुलीला दमा किंवा कानाचे काही दुखणे आहे का, हे विचारले. गिऱ्हाईक हातचे जाईल याची पर्वा न करता दिलेला तो नकार मला इतरांनी पाठवलेल्या रंगीत छायाचित्रांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटला.

पुढचे प्रश्न ऐकणाऱ्याला आवडणारे नव्हते. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन दांपत्य पाण्यात असतानाच त्यांची बोट किनाऱ्याकडे निघून गेली, ते मागे राहिल्याचे ध्यानात यायला सुमारे दोन दिवस लागले आणि ते दोघे पुन्हा कधीच सापडले नाहीत. त्यामुळे माणसे मोजतो कोण आणि कशी, हे मी सर्वांनाच विचारले. ‘नजरेनेच कळते’ या उत्तराने माझे समाधान होणे शक्य नव्हते. त्या बाईंच्या बोटीवर यादीतील एकेक नाव पुकारले जाते, ज्याने त्याने स्वतः ओ द्यायची असते, दुसऱ्याने त्याच्या वतीने दिलेली चालत नाही आणि यादी पुरी झाल्याचे ऐकल्यावरच कप्तान इंजिन चालू करतो. ऑक्सिजनच्या बाबतीतही नुसते ‘आहे’ एवढे पुरत नाही. पाण्यातून वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन कोणाला त्रास झाला, तर रुग्णालय गाठेपर्यंतचा मुख्य प्रथमोपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. तेव्हा तो काढून दाखवा, असे मी म्हणत असे. एके ठिकाणी त्या पेटीची किल्लीच सापडेना!

बोट डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पैसे भरायचे नाहीत, असे आम्ही ठरवले होते. यजमानांनी सिलेंडरच्या खांद्यावर ठोकलेली दाबचाचणीची तारीख वाचली आणि कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुराड्यापासून दूर आहे ना, ते पाहिले, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड सिलेंडरमध्ये शिरला तर वासावरून तो ओळखू येत नाही. शिडी खाली पाण्यात पुरेशी खोल जात होती, पायऱ्या रुंद होत्या आणि कोणी शिडीजवळ असताना इंजिन बंदच ठेवतात, असे कळले. लहान मापाची लाइफ जॅकेटे मी मुलाला घालून पाहिली. पहिले डोक्यावरून निसटत होते, दुसरे नीट बसले. सासूबाईंनी सावलीतली बैठक पाहिली, शौचालयाची कडी आतून लावून खात्री केली आणि मगच होकार दिला.

अनोळखी गटात जागा घेण्याऐवजी संपूर्ण बोटच भाड्याने घेतली. खर्च वाढला, परंतु आम्हा दोघांना मार्गदर्शकाबरोबर पाळीपाळीने उतरता येणार होते, म्हणजे मुलांपाशी आणि सासूबाईंपाशी एक जण सदैव राहणार होता. मुलीच्या वैद्यकीय प्रश्नावलीवर आमच्या डॉक्टरांचा अभिप्राय घेतला, आणि प्रवास विम्यात डायव्हिंग वगळलेले आढळल्याने ते वेगळे जोडून घेतले. आम्ही दोघे एकापेक्षा अधिक डाइव्ह करणार असल्यामुळे शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान 18 तासांचे अंतर राखणे आवश्यक होते; म्हणून परतीचे तिकीट एक दिवस पुढे ढकलले. हवामान बिघडल्यास बोट न सोडण्याचा निर्णय सर्वस्वी कप्तानाचा राहील आणि तसे झाल्यास पूर्ण पैसे परत मिळतील, एवढे लेखी घेऊन आम्ही आगाऊ रक्कम भरली.