आईचे पाय
आज पहिल्यांदा मालिशवाल्या ताई घरी आल्या. आईचा कॅन्सर हाडांपर्यंत गेलाय, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून घेतलं. हलक्या हाताने तळवे, हात चालतील. पाठ-कमरेवर दाब अजिबात नको. मॉर्फिनची गोळी मात्र वेळेवरच. शेजारच्या काकूंनी मायेनं आणलेला काढा बाजूला ठेवलाय. औषधांसोबत चालतो का, हे विचारल्याशिवाय नाही देणार.

कोमट खोबरेल तेल, पायाखाली सोलापुरी चादरीची घडी. ताईंचा अंगठा टाचेच्या भेगांवरून अगदी सावकाश फिरत होता. हळूहळू आईच्या कपाळावरची आठी गेली. "सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसल्यासारखं वाटतंय गं," म्हणाली आणि झोपली. किती दिवसांनी अशी शांत झोपली! मी पंखा एकवर केला आणि तिथंच बसून राहिले.