तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे रुळायला किती दिवस लागले?

नगरला सुट्टीवर गेले की चर्चच्या पायरीवरच कुणीतरी गाठतं. "पाळकीणबाई, तिकडे लुइझियानात रुळायला किती दिवस लागले हो?" ह्यूस्टनची मराठी मंडळीही हेच विचारतात, फक्त वर "तिथे सारखी वादळं, नाही का?" एवढी भर. मी हसून "लागले थोडे" म्हणते. खरं उत्तर सव्वादोन वर्षं. दिवससुद्धा सांगता येईल, सप्टेंबर 2021 मधला एक शुक्रवार.

मेथडिस्ट या आमच्या प्रॉटेस्टंट पंथात पाळकाला गाव निवडता येत नाही. बिशप नेमतील तिथे बाडबिस्तरा हलवायचा. जुलै 2019 मध्ये आमच्या वाट्याला आलं होमा शहराच्या खाली, बायूकाठचं एक गाव. बायू म्हणजे खाडीसारखं संथ पाणी. पाण्याला लागून रस्ता, रस्त्याला लागून उंच खांबांवर घरं आणि दारात कोलंबीच्या बोटी. कोकणातल्या माणसाला ओळखीचं वाटलं असतं. मी दुष्काळी नगरची, मला आधी तो वासच सोसेना.

आणि कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "तुझी आई कोण?" हे केजन लोक म्हणजे 1755 पासून ब्रिटिशांनी नोव्हा स्कॉशियातून हाकललेल्या फ्रेंचांचे वंशज. माणूस कुणाचा ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझी आई भिंगारची, म्हटलं की बोलणं तिथेच संपायचं. त्यातून बहुतेक सगळे कॅथलिक. आमची मंडळी लहान, त्यातली बरीचशी हौमा आदिवासी कुटुंबं. त्यांच्या मुलांना एके काळी गोऱ्यांच्या शाळेत घेत नसत, म्हणून मेथडिस्ट मिशननं शाळा काढली. 1831 पासून नगरला अमेरिकन मिशनऱ्यांनी दुसरं काय केलं? तेवढा एक धागा हाती लागला.

लोक वाईट नव्हते, उलट फार गोड. आम्ही कुणाला दवाखान्यात भेटायला जा, कुणाच्या पोराचा अभ्यास घे, असं करायचो. दर वेळी "थँक यू, मिस सरोज." पाहुण्याला म्हणतात तसं.

29 ऑगस्ट 2021 ला आयडा वादळ जवळच्या पोर्ट फोर्शाँ बंदराला धडकलं, ताशी 240 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. आम्ही ह्यूस्टनहून परतलो तेव्हा पाळकांच्या घराचं अर्धं छप्पर नव्हतं. पावसाळ्यात आपल्याकडे घातलेली असते तीच निळी ताडपत्री गावभर. वीज नाही. चर्चच्या अंगणात भल्या मोठ्या बिडाच्या भांड्यात सगळ्यांसाठी जांबलाया, म्हणजे तिकडचा मसालेदार भात, शिजत होता. झाकण काढताना वाफ माझ्या मनगटावर आली.

समोर शेजारची म्हातारी बसली होती, पंच्याऐंशीची. ती 'त्रेतर' आहे, म्हणजे प्रार्थना म्हणून दुखणं उतरवते, हे ऐकून होते. ती नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. त्यांची रीतच तशी आहे. मागितल्याशिवाय करायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत, आणि रोग्यानं आभार मानायचे नाहीत, नाहीतर गुण येत नाही. सव्वादोन वर्षांत मी त्या गावात कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं. मागणं हे आमचं कामच नव्हे ना!

"बघता का जरा?" मी म्हटलं.

तिनं मनगट धरलं, अंगठ्यानं क्रूस काढले आणि फ्रेंचमध्ये पुटपुटली. शाळेत ज्या फ्रेंचसाठी तिला शिक्षा व्हायची, तीच. मी "थँ..." म्हणेपर्यंत तिचा खरखरीत तळवा माझ्या तोंडावर.

मला आजी आठवली. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढताना म्हणायची, बोलू नको, मागे वळून बघू नको. तेव्हाच्या पाळकांना ते खपत नसे, म्हणून निखाऱ्यावर टाकताना ती येशूचं नाव घ्यायची. हिशेब मिटला.

यांनी शिडीवरून बघितलं होतं. "काय म्हणत होती?"

"प्रार्थना."

"कुणाची?"

"माझ्यासाठी."

आग थांबली का? थांबली. वाफेचा चटका अर्ध्या तासात तसाही निवतो, मला माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी सातला ती आमच्या दारात, हातात औषधांच्या रिकाम्या बाटल्या. "होमाला ने मला." ने म्हणाली, नेशील का नव्हे. औषधाच्या दुकानात दीड तास रांग. येताना ती तोंड उघडं टाकून झोपली. घराशी गाडी थांबवली तशी उतरली, दार धाडकन लावलं आणि एक शब्द न बोलता, मागे वळूनही न बघता, जिना चढून गेली.